फॅटी लिव्हर : रिपोर्ट लपवू नका

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या आरोग्य शिबिरात आम्ही दोघींनी, म्हणजे एक निवृत्त परिचारिका आणि एक लॅब टेक्निशियन, मिळून केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जसे आले तसे बरेचसे ठेवले आहे.)



समितीने आम्हाला विषय दिला होता 'यकृताचे आजार'. विषय फार मोठा आहे आणि वेळ थोडा. कावीळ आहे, हिपॅटायटिस बी आणि सी आहे, दारूमुळे होणारा आजार आहे. त्या सगळ्यांवर बोलत बसलो तर संध्याकाळची वंदना राहून जाईल. म्हणून आम्ही एकच आजार निवडला, जो आज घरोघरी कागदावर दिसतो पण ज्याच्याबद्दल घरात कुणी नीट बोलत नाही. फॅटी लिव्हर. लिव्हरवर चरबी, असे आपण म्हणतो. खरे तर चरबी लिव्हरच्या वर नसते, आत पेशींमध्ये साठते.

पित्ताचा खडा बघायला, पाळीच्या तक्रारीसाठी किंवा मुतखड्यासाठी आपण सोनोग्राफी करतो. रिपोर्टच्या तळाला एक ओळ येते, 'फॅटी लिव्हर, ग्रेड १'. डॉक्टरांच्या समोर गर्दी असते. ते म्हणतात, "तेलकट कमी खा." संपले. मग तो कागद कपाटात जातो. काही जण घाबरून रात्रभर झोपत नाहीत, काही जण "आजकाल सगळ्यांनाच असतं" म्हणून सोडून देतात. आणि काही जण तो कागद लपवतात. आम्हाला आज मुख्यतः या लपवणाऱ्यांशी बोलायचे आहे.

आमच्या ओळखीतल्या एक मावशी आहेत. चार घरची धुणीभांडी करतात. उभ्या आयुष्यात दारूच्या बाटलीला हात लावला तो नवऱ्याच्या बाटल्या फेकून देण्यासाठी. त्यांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले. घरात दीर म्हणाला, "लिव्हर तर पिणाऱ्याचं खराब होतं. वहिनी, तुम्ही कधीपासून?" सगळे हसले. त्याने थट्टाच केली असेल, पण मावशींनी तो कागद गादीखाली घातला आणि दीड वर्ष कुणाला दाखवला नाही. पुढे पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात आल्या, तेव्हा उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर. लिव्हरने दीड वर्षापूर्वीच इशारा दिला होता. आज त्यांची साखर गोळ्यांवर ताब्यात आहे, जखमही भरली. पण त्या थट्टेची किंमत दीड वर्षाची झाली.

आता ही गोष्ट शास्त्राने कधी ओळखली ते ऐका. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या रुग्णांच्या लिव्हरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर हुबेहूब दारुड्याच्या लिव्हरसारखा दिसत होता, आणि ही माणसे तर दारू पीत नव्हती. त्यांत बायकांचे प्रमाण जास्त होते. बऱ्याच जणांना वजन जास्त, मधुमेह, पित्ताचे खडे. म्हणजे मावशींवर आळ यायच्या कितीतरी आधी तो खोटा आहे हे लिहून ठेवलेले होते. त्यानंतर या आजाराला 'दारूशिवायचा फॅटी लिव्हर' अशा अर्थाचे नाव पडले. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ते नाव बदलले. नवे नाव शरीरातल्या चयापचयाच्या बिघाडावरून आहे, त्याचे संक्षिप्त रूप एमएएसएलडी. रिपोर्टवर ही अक्षरे दिसली तर दचकू नका, आजार तोच आहे. आम्हाला हा बदल आवडला. जुन्या नावात दारू नाही हे सांगतानाही दारूचेच नाव पुढे येत होते.

मग चरबी साठते कशी? घरात धान्याची कोठी असते. रोज दोन पायल्या येतात आणि एकच निघते. कोठी भरली की पोती खोलीत ठेवतो, मग ओट्याखाली, मग वाटेत. शरीराचेही तसेच. जास्तीची साखर आणि पीठ यांची लिव्हर चरबी बनवते. ती कातडीखालच्या कोठीत मावेनाशी झाली की पोटात साठते, पोटातून लिव्हरमध्ये येते. त्यात इन्शुलिनचे काम मंदावले की हा साठा आणखी वाढतो. म्हणून फॅटी लिव्हर आणि मधुमेह हे सख्खे भाऊ. एक आला की दुसऱ्याची चौकशी केलीच पाहिजे.

"आम्ही तर बारीक आहोत, आम्हाला कशाला होईल?" असे कुणी म्हणेल. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांतला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. १९११ माणसे तपासली. शंभरातल्या जवळजवळ नऊ जणांच्या लिव्हरमध्ये चरबी सापडली, आणि त्या नऊ जणांतले बहुतेक लठ्ठ नव्हते. आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट हवी असेल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची घ्या. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. यडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. यडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिकांनी गमतीने लिहिले की आपला व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार मिटायच्या आत पळत गाठणे. काट्यावर दोघे सारखे, आतून वेगळे. आपण भारतीय बारीक हातापायांचे आणि पोटाने पुढे आलेले असतो, ते असे.

म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेप वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, किंवा बाईचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे साडेएकतीस इंच, भरला तर तपासणी करून घ्यायची. पँटचा नंबर सांगू नका. आपले दादा लोक पँट पोटाच्या खाली घालतात, त्यामुळे नंबर वर्षानुवर्षे ३२ राहतो आणि पोट वाढत जाते. बीएमआय २३ च्या वर गेला की आपल्याकडे वजन जास्त धरतात, २५ ला लठ्ठपणा. गोऱ्या लोकांचे आकडे आपल्याला लागू करू नका.

लक्षणे विचाराल तर खरे उत्तर असे की बहुतेकांना काहीच होत नाही. थोडा थकवा, उजव्या बरगडीखाली जडपणा, एवढेच, आणि तेही सगळ्यांना नाही. एक खूण मात्र आया-बहिणींनी लक्षात ठेवावी. मानेच्या मागे, काखेत काळपट मखमलीसारखा पट्टा दिसतो. मुलगी नीट आंघोळ करत नाही म्हणून आई दगडाने घासते. तो मळ नाही, घासून जाणार नाही. इन्शुलिनचे काम बिघडत असल्याची ती निशाणी असते. मुलीला रागावण्याऐवजी तिची साखर तपासा.

आता रिपोर्ट वाचायला शिकू. इथे फार गोंधळ होतो म्हणून जरा सावकाश सांगतो.

सोनोग्राफीतला ग्रेड १, २, ३ म्हणजे चरबी किती दिसते त्याचा अंदाज. लिव्हरचे नुकसान किती झाले हे तो ग्रेड सांगत नाही. नुकसान म्हणजे काय? चरबीमुळे काही जणांच्या लिव्हरला सूज येते. सूज वर्षानुवर्षे राहिली की जखम भरताना कातडीवर जसा निबर व्रण पडतो तसे आत व्रण पडतात. व्रणांनी लिव्हर आवळले की सिरोसिस, आणि त्यातून काहींना कॅन्सर. बहुतेकांची गाडी पहिल्याच टप्प्यावर थांबते, पुढे जाणाऱ्यांनाही बरीच वर्षे लागतात. म्हणून घाबरायचे नाही. पण आपली गाडी कुठे उभी आहे हे ठाऊक असले पाहिजे, आणि ग्रेड ते सांगत नाही. ग्रेड १ वाल्यालाही व्रण असू शकतात, ग्रेड २ वाल्याला नसूही शकतात. एसजीपीटी नॉर्मल आले म्हणजे सुटलो, असेही नाही.

त्यासाठी एक साधा हिशेब आहे, फिब-४ नावाचा. वेगळी महागडी तपासणी नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट, एवढे चार आकडे लागतात. वय गुणिले एसजीओटी हे वर लिहा. खाली प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. प्लेटलेट दोन लाख असतील तर २०० धरायच्या. समजा वय ४५, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट दोन लाख. वर १८००, ६४ चे वर्गमूळ ८, म्हणून खाली १६००. भागाकार १.१. उत्तर १.३ च्या खाली आले की मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेले की पोटविकार किंवा लिव्हरच्या तज्ज्ञाकडे जायचे. मधले असेल तर फायब्रोस्कॅन नावाची तपासणी सांगतात. ती सोनोग्राफीसारखीच, बाहेरून, लिव्हर किती कडक झाले ते बघते.

आता दुसरे उदाहरण बघा. वय ५८, एसजीओटी ७२, एसजीपीटी फक्त ४९, प्लेटलेट एक लाख तीस हजार. एसजीपीटी बघून कुणीही म्हणेल, "थोडंसंच वाढलंय." पण ५८ गुणिले ७२ म्हणजे ४१७६, खाली १३० गुणिले ७ म्हणजे ९१०. उत्तर साडेचारच्या वर. या काकांना तज्ज्ञाकडे पाठवायलाच हवे. दहावीतल्या पोराला बसवा, तो मोबाइलवर दोन मिनिटांत करून देईल. मात्र पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब नीट लागू पडत नाही, आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात. हिशेब हा चाळणीसारखा आहे, निदान डॉक्टरच करणार. जोडीला साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि एकदा तरी हिपॅटायटिस बी व सी ची तपासणी करा. चरबी दिसली म्हणून आत दुसरा आजार नाहीच असे समजायचे नाही.

रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल मुद्दाम म्हणतो, कारण फॅटी लिव्हर असलेली माणसे लिव्हरपेक्षा हृदयाच्या आजाराने जास्त दगावतात. कोलेस्टेरॉलची गोळी "लिव्हर खराब करते" म्हणून बरेच जण स्वतःच बंद करतात. फॅटी लिव्हरमध्ये ती सहसा सुरक्षित असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

भारत सरकारने २०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला. आशाताई तीस वर्षांवरच्यांचा फॉर्म भरायला येतात, त्यात कमरेचा घेरही असतो. "आम्हाला काही नाही" म्हणून दारातून परत पाठवू नका. बिचाऱ्या उन्हात फिरतात.

आता दारू. वर आम्ही म्हटले की दारूशिवायही हा आजार होतो. याचा अर्थ दारूला माफी आहे असा कुणी काढू नये. तीस मिलीच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. एका क्वार्टरमध्ये सुमारे ६०. नव्या वर्गवारीत पुरुषाने रोज ३० आणि बाईने रोज २० ग्रॅमच्या वर घेतली की दारूचा वाटा वेगळा मोजतात. क्वार्टर म्हणजे दुप्पट झाले. आणि ही 'चालते' अशी मर्यादा नव्हे. लिव्हरमध्ये आधीच चरबी असेल तर एक थेंबही नको. पाचवे शील आपण सगळेच हात जोडून म्हणतो, आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीनंतर गल्लीच्या टोकाला काय चालते तेही आपण सगळेच बघतो. त्यावर आम्ही प्रवचन देणार नाही. परिचारिका म्हणून एकच सांगणे : जो वर्षानुवर्षे रोज पितो त्याला घरच्यांनी कोंडून एका दिवसात सोडवू नये. हातपाय थरथरतात, भास होतात, फिटही येते, जीव जाऊ शकतो. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. तिथे औषध देऊन सोडवतात.

उपचाराचे म्हणाल तर मुख्य औषध वजन. आपले वजन ७० किलो असेल तर साडेतीन किलो उतरवले, म्हणजे ५ टक्के, की चरबी कमी होऊ लागते. ५ किलो उतरवले तर सूज ओसरायला मदत होते. ७ किलो, म्हणजे १० टक्के, उतरले तर काही जणांचे व्रणसुद्धा मागे हटतात. जे आधीच बारीक आहेत त्यांना ३ ते ५ टक्केही पुष्कळ होतात. पण आठवड्याला अर्धा ते एक किलोपेक्षा घाई नको. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवले तर लिव्हरची सूज वाढूही शकते आणि पित्ताचे खडे होतात.

खाण्याचे सांगताना डॉक्टर तेलकटावर बोट ठेवतात, आम्ही आधी गोडावर ठेवतो. चहा पाच वेळा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला दहा चमचे फक्त चहातून. त्याबरोबर खारी, बटर, ग्लुकोजचे बिस्किट. ३०० मिलीच्या शीतपेयात आणखी सहा-सात चमचे. पाहुणा आला की पोराला बाटली आणायला पिटाळतो, त्यापेक्षा ताक करा. भाताचा डोंगर आणि त्यावर वरणाचा ओढा असे ताट असते, ते उलटे करा. डाळ, मटकीची उसळ, पालेभाजी, अंडे, मासळी जास्त आणि भात किंवा भाकरी मोजकी. तेल महिन्याला माणशी अर्धा-पाऊण लिटर पुरे. घरात पाच माणसे आणि महिन्याला सहा लिटर तेल संपत असेल तर हिशेब कुठे चुकतोय ते तुम्हालाच कळेल. यासाठी किवी आणि ओट्स आणायची गरज नाही. आवडत असेल तर बिनसाखरेची कॉफी घ्या. कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचे व्रण कमी आढळतात.

चालणे आठवड्याला दीडशे मिनिटे, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने. धुणीभांडी करणाऱ्या बायका म्हणतात, "आमचं दिवसभर कामच असतं." त्यांचे खरे आहे, पण एका जागी उभे राहून केलेले काम आणि सलग झपझप चालणे यात फरक आहे. महिला मंडळाने पहाटे गट करून निघावे, एकटीला लाज वाटते. वजन उतरले नाही तरी चालण्याने लिव्हरमधली चरबी थोडी घटते.

औषधांबद्दल थोडक्यात. लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांनी फॅटी लिव्हर बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. त्या पैशाची डाळ आणा. भारतात २०२० मध्ये सारोग्लिटाझार या गोळीला मान्यता मिळाली. अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड हे आठवड्याचे इंजेक्शन, मध्यम किंवा जास्त व्रण असलेल्यांसाठी, पण सिरोसिस झालेल्यांसाठी नव्हे. ही औषधे तज्ज्ञाने निवडून द्यायची आहेत, मोबाइलवर बघून मागवायची नाहीत. आणि काढे जपून. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, तो वाद तज्ज्ञांचा. पण 'झाडपाला आहे, अपाय काय करणार' हे म्हणणे सोडा, आणि जे घेता ते डॉक्टरांना सांगा.

डोळे पिवळे, पोट पाण्याने फुगलेले, पायावर सूज, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, किंवा माणूस दिवसा झोपतो आणि रात्री असंबद्ध बोलतो, यातले काही दिसले तर सकाळची वाट बघू नका. थेट मोठे रुग्णालय.

भाषणानंतर बरेच प्रश्न आले. त्यांतले तीन इथे देतो.

एका आजोबांनी विचारले, "रिकाम्या पोटी कोमट लिंबूपाणी घेतलं तर चरबी वितळते का?" वितळत नाही, आजोबा. पण साखरेच्या चहाऐवजी घेत असाल तर चालू ठेवा, तेवढी साखर वाचते.

एका ताईंनी विचारले, "रिपोर्ट पुन्हा कधी काढायचा?" दर महिन्याला सोनोग्राफी करण्यात पैसे घालवू नका. हिशेब १.३ च्या खाली असेल आणि साखर नसेल तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करा, मधुमेह असेल तर दरवर्षी. मधल्या काळात टेप आणि काटा पुरे.

शेवटचा प्रश्न एका आईचा होता. मुलगा बारा वर्षांचा, वजन जास्त, मान काळी. "त्याचं जेवण बंद करू का?" मुळीच नाही, वाढीचे वय आहे. साखर आणि एसजीपीटी तपासा, बालरोग डॉक्टरांना दाखवा, संध्याकाळी तासभर मैदानात पाठवा आणि मोबाइल काढून घ्या. ताटात बदल करायचा तो सगळ्या घराच्या, एकट्या त्याच्या नाही. आणि शीतपेयाची मोठी बाटली घरात आणूच नका. ती फ्रिजमध्ये असली तर तो पिणारच, आणि त्याच्या आधी त्याचे बाबा पितील.